गोंगाटात गेन वाढवू नका

प्रश्न आलाय की मैदानावरून थेट समालोचन करताना सामन्याच्या गोंगाटात समालोचकाचा आवाज बुडतो, तर गेन (माइकचा सिग्नल किती मोठा करायचा ते) वाढवावा का. अजिबात नको, गर्दीही तेवढीच वाढेल. डायनॅमिक (कमी संवेदनशील प्रकारचा) हेडसेट माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर ठेवा. अगदी समोर आला तर प, फ, भ फुटतात. साध्या बोलण्याला डिजिटल मीटरवर पातळी −१८ डीबीच्या आसपास असू द्या (शून्यावर आवाज फाटतो), म्हणजे गोल झाल्यावर आरोळी ठोकली तरी आवाज फाटणार नाही. गर्दीसाठी वेगळा माइक, वेगळा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी).

आवाज स्टुडिओला पाठवायला मोबाइल डेटावर विसंबणार असाल तर रिकाम्या मैदानावरची चाचणी फसवी असते. प्रेक्षक भरले की टॉवरवर ताण येतो, आवाज तुटतो. दुसऱ्या कंपनीचं सिम तयार हवंच. स्टुडिओकडून कानात येणाऱ्या मिक्समधून समालोचकाचा स्वतःचा आवाज वगळा; तो उशिरा ऐकू आला की भलेभले अडखळतात.

आणि स्कोअर! समालोचन शिकणारे विद्यार्थी सगळ्यात जास्त विसरतात तो हाच. अमेरिकन बेसबॉल समालोचक रेड बार्बर यासाठी तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ समोर ठेवत. वाळू संपली की स्कोअर सांगून ते उलटं करत. नुसतं ‘दोन-एक’ नको, दोन कुणाचे तेही सांगा.