जुनी, वेगळ्या आकाराची इलेक्ट्रिक गिटार घेताना काय तपासायचं?

तापीकाठ (भुसावळ)

राम राम मंडळी. एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या सामानात जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार विक्रीला आहे. ब्रँडचा बिल्ला निघून गेलाय. बॉडीची दोन शिंगं असमान, वरचं लांब आणि आत वळलेलं. चार पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे), प्रत्येकाला वेगळा रॉकर स्विच. सहाही खुंट्या एका बाजूला. नटच्या (खुंट्यांकडून येणाऱ्या तारा नेकवर टेकतात ती पट्टी) लगेच पुढे एक जादा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) आहे. मागच्या प्लेटवर चार स्क्रू आणि ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ असा ठसा.

अशा आकारांत लोकांना एवढं काय दिसतं, आणि पैसे देण्याआधी काय तपासावं? आपल्याकडचा उन्हाळा ती झेलेल का? आणि नाहीच जमलं तर जुन्या सागवानातून सुताराकडून तशीच बॉडी करून घेणं शहाणपणाचं ठरेल का?

सहातारी (धुळे)

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, बाकीचं जाणकार देतीलच.

पोकळ गिटारीचा आकार आवाज ठरवतो, म्हणून तिथे मनमानी चालत नाही. भरीव बॉडीच्या गिटारीत आवाजाचं मुख्य काम तार आणि पिकअप करतात. त्यामुळे 1950 च्या दशकात बॉडीची रेघ कुठेही न्यायची मोकळीक मिळाली. गिब्सनने 1958 मध्ये ‘फ्लाइंग व्ही’ आणि ‘एक्सप्लोरर’ आणल्या, दोन्ही कोरिना लाकडाच्या. ‘व्ही’ बसून वाजवताना मांडीवरून घसरते म्हणून तिच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावलेली असायची. 1958 आणि 1959 मिळून शंभरच्या आतच ‘व्ही’ कारखान्याबाहेर पडल्या आणि मॉडेल थांबवलं गेलं. तेव्हा कोणी घेतल्या नाहीत, म्हणूनच आज त्या दुर्मीळ आहेत.

माझ्या मते खरी गंमत पुढच्या दहा वर्षांत आहे, कारण त्या काळात आकार बघून कारखाना ओळखता येतो. इटलीत अकॉर्डियन बनवणारे गिटारीकडे वळले, तेव्हा अकॉर्डियनवरचं चमचमतं सेल्युलॉइड आणि बटणांची रांग दोन्ही गिटारीवर आली. ‘एको’ बघा म्हणजे पटेल. अमेरिकेत डॅनइलेक्ट्रोने लाकडी चौकटीवर मॅसोनाइट (दाबलेल्या लाकडी तंतूंचा पातळ बोर्ड) ठोकला, लिपस्टिकच्या नळीत पिकअप बसवले आणि लांब शिंगांची ‘लाँगहॉर्न’ काढली. व्हॅल्कोने 1962 पासून फायबरग्लासचे दोन साचेबद्ध अर्धे भाग जोडले. साचाच असल्यामुळे अमेरिकेच्या नकाशासारखी ‘नॅशनल’ काढणं त्यांना सोपं गेलं. 1963 ची गिब्सन ‘फायरबर्ड’ रे डीट्रिच या मोटारींच्या डिझायनरने आखली. तिचा नेक बॉडीच्या शेवटापर्यंत एकसंध जातो आणि दोन्ही बाजूंना पंख चिकटवलेले असतात.

जपानमध्ये टेइस्को ही कंपनी 1946 पासून होती, 1967 मध्ये ती कावाईकडे गेली. एकाच कारखान्यातला माल परदेशी दुकानदारांच्या वेगवेगळ्या नावांनी विकला जायचा, त्यामुळे बिल्ला नसल्याचं फार मनावर घेऊ नका. हेडस्टॉकची (खुंट्या असलेल्या टोकाची) रेघ, पिकअपचं झाकण आणि स्विचची पट्टी यांवरून ओळख जास्त नीट पटते. झाकणाच्या आत सोनेरी वर्ख दिसला तर ते ‘गोल्ड फॉइल’ पिकअप. स्लाइड (तारांवर नळी सरकवून) वाजवणारे राय कूडर यांनी टेइस्कोचा असाच पिकअप स्ट्रॅटोकास्टरमध्ये बसवला, तेव्हापासून नुसत्या पिकअपसाठीसुद्धा या गिटारी शोधल्या जातात.

चार वेगळ्या स्विचमुळे पंधरा जोड्या मिळतात. बहुतेकदा पिकअप समांतर जोडलेले असतात, म्हणून चारही चालू केले की आवाज भरदार न होता उलट पातळ होतो. तो बिघाड समजू नका.

डबल_कॉइल (जळगाव)

गिटार भारी शे भाऊ, पण नेक बघितल्याशिवाय पैसे काढू नका. बाकी सगळं दुरुस्त होतं. नेक बिघडला असेल तर खर्च गिटारीच्या किमतीपुढे जातो.

‘स्टील रीइन्फोर्स्ड’ म्हणजे बहुतेक वेळा नेकमध्ये स्टीलची पट्टी बसवलेली असते, ट्रस रॉडसारखी (नेकमधली नट फिरवून ताणायची सळई) पिळून सरळ करता येत नाही. आधी हेडस्टॉकच्या टोकाला किंवा नेकच्या तळाशी ट्रस रॉडचा पिळायचा नट दिसतो का बघा. मग गिटार सुरात लावा. सुरात न लावता केलेली तपासणी फुकट जाते. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या फ्रेटवर तार नि फ्रेट यांतली फट बघा. 80 जीएसएमचा कागद साधारण 0.1 मिमीचा असतो. दोन-तीन कागद जेमतेम सरकले तर उत्तम. पाच कागदांपर्यंत चालवून घेता येतं. त्यापुढे नेक पुढे वाकलेला आहे. हेच पहिल्या तारेवर करा. दोन्हीकडच्या फटींत मोठा फरक असेल, तर नेकला पीळ आहे. पीळ असेल तर सरळ नमस्कार करून परत या.

तुम्ही म्हणता तो जादा फ्रेट म्हणजे झीरो फ्रेट. माप नटपासून न घेता त्याच्यापासून घ्यायचं. झीरो ते बारावा फ्रेट हे अंतर मोजा, त्याची दुप्पट म्हणजे स्केल (मोकळ्या तारेची लांबी). बाराव्यापासून ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात तो आधार) पहिल्या तारेला तेवढंच अधिक दीड-दोन मिमी आणि सहाव्या तारेला अधिक चार-पाच मिमी हवं. या गिटारींचे ब्रिज बऱ्याचदा नुसत्या तारांच्या दाबावर उभे असतात. कोणी तार बदलताना सरकवला की सगळे सूर बिघडतात आणि लोक नेकला दोष देतात.

झीरो फ्रेटवर तारांनी खाचा पाडल्या असतील तर मोकळी तार झणझणते. एकच फ्रेट बदलावा लागतो, ते काम छोटं आहे.

पिकअपसाठी मल्टिमीटर न्या. कॉर्ड गिटारीत घालून दुसऱ्या टोकाच्या जॅकवर ओहम बघा, व्हॉल्यूम पूर्ण, एका वेळी एकच स्विच चालू. 4 ते 9 किलोओहमच्या दरम्यान काही आलं तर पिकअप जिवंत. काहीशे किलोओहम दाखवत असेल तर तुम्हाला फक्त पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा रेझिस्टर) दिसतोय, कॉइल (पिकअपमधली तारेची गुंडाळी) तुटलेली आहे. चारपैकी एखादा मेलेला असला तर भाव कमी करा, गिटार सोडू नका. केसापेक्षा बारीक तार परत गुंडाळून मिळते. स्विचची खरखर काँटॅक्ट क्लीनरने जाते. डब्ल्यूडी-40 मारू नका, तेलाचा थर राहतो आणि धूळ धरतो.

शेवटचं, पट्टा लावून उभं राहा आणि हात सोडा. विचित्र आकारात नेक खाली झुकतो, कारण पट्ट्याचं बटण कितव्या फ्रेटसमोर येतं यावर तोल ठरतो. बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास पोचलं की तोल बरा राहतो. लांब शिंग नुसतं नखऱ्याचं नसतं, ते याच कामाला येतं. ‘व्ही’ला शिंगच नाही, तिथे बटण नेकच्या मागे येतं, म्हणून खडबडीत चामड्याचा रुंद पट्टा लागतो. जड नव्या खुंट्या लावल्या तर झुकणं वाढेल.

तापीकाठ (भुसावळ)

मोजून आलो. झीरो ते बारावा 310 मिमी. बारावा ते ब्रिज पहिल्या तारेला 304. सहाव्या तारेवर चार कागद जातात, पहिलीवर तीन. पिकअप: 6.1, 5.8, 6.0 आणि चौथा 480. ट्रस रॉडचा नट कुठेच नाही. तारा शेवटच्या फ्रेटवर खूप वर आहेत आणि ब्रिज तर पार खाली बसलेला आहे.

डबल_कॉइल (जळगाव)

नेक घेण्यासारखा आहे. ब्रिज पहिल्या तारेशी आठ मिमी मागे घ्या, सहावीकडे त्याहून दोन-तीन मिमी जास्त तिरपा. मग बारावा फ्रेट दाबून आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून काढलेला सूर) वाजवून ट्यूनरवर ताळा करा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज अजून मागे.

चौथ्या पिकअपची कॉइल तुटलेली आहे. आधी झाकण उघडून लीड वायरचा सांधा बघा. बऱ्याचदा तार तिथेच सुटते आणि सोल्डरच्या एका टाक्याने काम होतं.

ब्रिज तळाला टेकूनही तारा वर आहेत, म्हणजे नेकचा कोन कमी पडतोय. मागच्या प्लेटचे चार स्क्रू काढा आणि बॉडीत नेक बसतो त्या खाचेच्या ब्रिजकडच्या बाजूला अर्धा मिमी जाडीची पाचर घाला. एवढ्याने ब्रिजपाशी साधारण दीड-दोन मिमी वर यायची जागा मिळते. कार्डाचा तुकडा फक्त टोकाला सारू नका. मध्ये पोकळी राहते आणि स्क्रूच्या ताणाने शेवटचे फ्रेट कालांतराने वर उचलतात. अख्ख्या खाचेच्या मापाचं लाकडी व्हिनियर शून्यापासून अर्ध्या मिमीपर्यंत उतरतं घासून बसवा. ब्रिज वर आला की तारांचा ब्रिजवरचा कोनही सुधारतो आणि जोरात वाजवताना तार सॅडलमधून (ब्रिजवरची तार बसायची जागा) उडत नाही. त्या काळी जाड तारा चालायच्या. पहिली तार ०.०११ इंचाची असलेला सेट लावा, ०.००९ या ब्रिजवर टिकणार नाही.

जे काढाल ते फेकू नका. जुना स्क्रूसुद्धा पिशवीत घालून गिटारीसोबत ठेवा. मूळ भाग असलेल्या गिटारीची किंमत वेगळी असते.

सातपुडा_सुतारी (चोपडा)

हवामानाचं मी सांगतो. आपल्याकडे उष्णतेपेक्षा कोरडेपणा गिटारीला जास्त मारतो. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खालीही जाते. फिंगरबोर्ड आडवा आकसतो, धातू आकसत नाही, म्हणून फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. लगेच कानस घेऊन बसू नका. पेटीत ओलाव्याची पिशवी ठेवून दोन-तीन आठवडे 45 ते 50 टक्के राखा. बरीचशी टोकं परत आत जातात, उरलेली मग घासा. जुलैत उलटं होतं, तेव्हा सिलिका जेल.

कूलरच्या झोतात गिटार कधीच ठेवू नका. चालू असताना दमट, बंद झाला की तासाभरात कोरडं, या हेलकाव्यात नेक रोज हलतो. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवली तर जुना सरस मऊ पडून सांधा सरकतो. जुन्या सेल्युलॉइडचा पिकगार्ड आंबूस वास मारत असेल तर तो वेगळा काढून ठेवा, त्याच्या वाफेने आसपासचा धातू गंजतो. रबरी टेकूच्या स्टँडवरही सुती कापड गुंडाळा, नाहीतर लॅकरवर डाग उमटतो.

पेटी बाजारात मिळणार नाही. सहा मिमी प्लायची करून घ्या, आत कडक फोम. आधार नेकच्या मध्यावर द्या. हेडस्टॉकखाली दोन सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, नाहीतर रेल्वेत पेटी पडली की सगळा धक्का तिथेच बसतो.

सागवानाची बॉडी होते, पण वजन धरून चला. सागाची घनता साधारण 650 किलो प्रति घनमीटर, नेहमीच्या 44 मिमी जाड बॉडीचं लाकूडच अडीच किलोच्या आसपास भरतं. लांब शिंगांचा पसरट आकार तीन किलोच्या पुढे जाईल. जाडी 38 मिमीवर आणा किंवा शिवण झाडाचं लाकूड घ्या, ते हलकं आणि हवामानात फारसं न हलणारं आहे. धाब्याच्या जुन्या घराची तुळई मिळाली तर उत्तम, इतकी वर्षं वाळलेलं लाकूड विकत मिळत नाही. आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, एक खिळा राउटरचं पातं मोडतो. साग तेलकट असतो. जोडाच्या कडा ताज्या रंधून ॲसिटोनने पुसा आणि पंधरा-वीस मिनिटांत चिकटवा, नाहीतर सांधा सुटतो. सुताराला फोटो देऊ नका. मूळ बॉडीचा पुठ्ठ्यावर छाप काढा, त्यावर मधली रेघ, नेकची खाच आणि ब्रिजची जागा मिमीमध्ये लिहा. खाच एक सूतभर जरी ढिली झाली तरी नेक डुलतो.

सहातारी (धुळे)

एक राहिलं. या गिटारींत शिल्डिंग (बाहेरचा विजेचा आवाज अडवणारं धातूचं आवरण) नसतं, त्यामुळे 50 हर्ट्झची घरघर येणारच. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर गिटारीची ग्राउंड वायर ठीक आहे. वाढली तर ब्रिजपासून जॅकपर्यंतची वायर तपासा. पिकगार्डच्या आतून तांब्याची चिकट पट्टी लावून ती ग्राउंडला जोडली की बराच फरक पडतो. पिकअपच्या टोकांना ती शिवू देऊ नका.

लग्नाच्या मांडवात जनरेटरवर वाजवणार असाल तर अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय का ते बघा. गाण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारांना आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. काही व्होल्टच्या वर दाखवलं तर ओठ माइकला लावायचे नाहीत. अँप आणि माइकचा मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर घ्या, बोर्डाला 30 मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, आणि दोन पिनांची कॉर्ड असलेला जुना अँप तीन पिनांची करून घेतल्याशिवाय लावूच नका.