सूचनापेटी रिकामी आणि मीटिंगमध्ये तेच तीन आवाज. नव्या कल्पना येणार कशा?

कोरा_कागद
चाळीस माणसांची कंपनी. सुटे भाग बनवणं, विकणं आणि विक्रीनंतरची सेवा, सगळं एकाच छपराखाली. नावीन्य यावं म्हणून सध्या तीन गोष्टी चालू आहेत: महिन्याला एक तासाचं ब्रेनस्टॉर्मिंग (विषय कायम ‘आपण वेगळं काय करू शकतो?’), दारापाशी सूचनापेटी आणि सर्वोत्तम कल्पनेला रोख बक्षीस. मीटिंगमध्ये ठरलेले तीन-चार जण बोलतात. पेटीतून निघतं काय, तर पंखा बदला, पार्किंग द्या. बक्षीस वाढवावं की बाहेरून ट्रेनर आणावा? ‘संस्कृती बदला’ असलं मोघम उत्तर नको.

खडू_फळा
ट्रेनर राहू द्या, आधी मीटिंगमधलं बोलणं बंद करा. १९५८ मध्ये येल विद्यापीठात चार-चार जणांचे गट आणि स्वतंत्र बसवलेली तेवढीच माणसं यांची तुलना झाली. एकेकट्याने लिहिणाऱ्यांच्या कल्पना, सारख्या असलेल्या गाळूनही, बऱ्याच जास्त भरल्या. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोब या मानसशास्त्रज्ञांनी यामागचं मुख्य कारण दाखवून दिलं. एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि पाळी येईपर्यंत बाकीच्यांचं सुचलेलं विरून जातं.

म्हणून ६-३-५ करा. सहा जण, प्रत्येकापुढे एक कागद, त्यावर तीन रकाने आणि सहा ओळी. पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजारच्याकडे सरकवायचा. तो आधीचं वाचून त्यात भर घालतो किंवा नवं लिहितो. अर्ध्या तासात १०८ नोंदी होतात. त्यातल्या बऱ्याच सारख्या निघतात, हे गृहीत धरा. चौथ्या फेरीपासून वाचायलाच वेळ जातो, तिथे सात मिनिटं द्या. आणि ‘ऑटोमेशन’ असा एकच शब्द लिहिलेला चालणार नाही. कोणी काय वेगळं करायचं, याचं पूर्ण वाक्य हवं.

निवडताना प्रत्येकाने आपल्या तीन पसंती आधी चिठ्ठीवर लिहाव्यात, मग फळ्यावर टिकल्या लावाव्यात. नाहीतर पहिली टिकली जिथे पडते तिथेच बाकीच्या जाऊन बसतात.

विषयही बदला. ‘वेगळं काय’ याला धरायला काही टोकच नाही. ‘ऑर्डर आल्यापासून माल निघेपर्यंत नऊ दिवस जातात, त्यातले तीन कुठे वाचतील?’ असं विचारा. स्टोअरवाला, पॅकिंगवाला, सगळ्यांना बोलायला जागा मिळते.

सुई_दोरा
मीटिंगबद्दल सहमत, पण खरी गळती पुढे आहे. पेटीत पंखा आणि पार्किंग निघतं, तर आधी पंखा बदला! लोक चाचपून बघत असतात, चिठ्ठी टाकल्यावर काही हलतं का ते.

पेटीऐवजी भिंतीवर बोर्ड लावा: आली, तपास चालू, चाचणी, निकाल. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख आणि उत्तर देणाऱ्याचं नाव. सात दिवसांत उत्तर द्यायचं, आणि ‘नाही’ असेल तर एका वाक्यात कारण. ‘चाचणी’त एका वेळी तीनच चिठ्ठ्या. चौथी घुसली की चारही रेंगाळतात.

यातही एक मेख आहे. कल्पना बहुतेक वेळा सुपरवायझरपाशी अडते आणि त्यात त्याचा दोष नसतो. चाचणीसाठी मशीन दोन तास थांबलं की त्याचं त्या दिवसाचं टार्गेट बुडतं. चाचणीच्या तासांना टाइमशीटमध्ये वेगळा कोड द्या आणि ते तास टार्गेटमधून वजा करा. एवढं केलं नाही, तर बोर्ड महिनाभरात शोभेचा होतो.

उलट_तपासणी
बक्षीस वाढवू नका. मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकरचं मेणबत्तीचं कोडं आहे: मेणबत्ती, खोक्यात टाचण्या, काडेपेटी. मेण टेबलावर न गळता मेणबत्ती भिंतीला लावायची. उत्तर असं, की टाचण्या ओतून खोकंच भिंतीला ठोकायचं. १९६२ मध्ये ग्लक्सबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी हेच कोडं घालताना काहींना पैशांचं आमिष दाखवलं, तर त्यांनाच जास्त वेळ लागला. टाचण्या आधीच खोक्याबाहेर ठेवल्या, तेव्हा मात्र आमिषवाले पुढे गेले. वाट दिसत असेल तर पैसा पळवतो, वाट शोधायची असेल तर नजर आखडते.

‘सर्वोत्तम एक’ या बक्षिसाने लोक कल्पना लपवतातही. चाचणीपर्यंत पोचलेल्या प्रत्येक कल्पनेला सारखी छोटी रक्कम द्या, मग ती चाचणी फसली तरी.

कोरा_कागद
आभार. ३एम कंपनीसारखा कामातला १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी मोकळा द्यावा का?

सुई_दोरा
आठवड्याला ४० तास धरले तर माणशी सहा तास, चाळीस जणांचे २४०. म्हणजे सहा माणसं पूर्णवेळ बाजूला. शिवाय त्याच कंपनीत सिल्व्हर यांचा हलका चिकटणारा गोंद १९६८ चा, फ्राय यांना पानखुणेचा उपयोग सुचला १९७४ मध्ये आणि चिकटचिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या १९८० मध्ये. एवढी कळ काढायची तयारी आहे का? त्यापेक्षा तीन जण, सहा आठवडे, आठवड्याला अर्धा दिवस. सुरुवातीलाच कार्डावर चार ओळी: अंदाज काय, मोजणार काय, शेवटची तारीख कोणती, कोणता आकडा आला की थांबायचं. चौथी ओळ आधी लिहिली नाही, तर चाचणी कधीच संपत नाही.

उलट_तपासणी
‘मोजणार काय’ इथे जपा. समजा कोटेशन दोन दिवसांऐवजी चार तासांत पाठवून बघताय. ३० चौकशा आल्या, १५ जुन्या पद्धतीने, १५ नव्या. ऑर्डरी तीन विरुद्ध पाच आल्या तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. एवढ्या थोड्या चौकशांत ऑर्डर मोजू नका, गिऱ्हाइकाने त्याच दिवशी उलट फोन केला का ते मोजा. आणि कोणती चौकशी कुठल्या गटात, हे विक्रीवाल्याला ठरवू देऊ नका. ओळीने एक इकडे, एक तिकडे. नाहीतर चांगली गिऱ्हाइकं आपसूक नव्या पद्धतीत जातात.

खडू_फळा
राहिलंच: ६-३-५ च्या अर्ध्या तासात मालकांना खोलीबाहेर ठेवा. टिकल्या लावताना आत घ्या, पण त्यांची चिठ्ठी सगळ्यात शेवटी उघडा.