मदत हवी आहे: स्लो कुकरमधलं ब्रिस्केट (छातीचं मांस) चिवट झालं, आणि खाली पाणीच पाणी

मंडळी, आधीच सांगून टाकतो, बीफ म्हणतोय ते म्हशीचं. महाराष्ट्रात गाय १९७६ च्या कायद्याने बंद होतीच, २०१५ पासून बैलही बंद, त्यामुळे पुण्यात मेन्यूवर बीफ लिहिलेलं असलं तरी ताटात बफच असतं. खावं की खाऊ नये यावर धागा नेऊ नका प्लीज, त्याचे शंभर धागे आहेत.

तर मेव्हणा ह्यूस्टनला असतो. त्याच्या मागच्या अंगणात स्मोकर आहे आणि दर थोड्या दिवसांनी आम्हाला फोटो येतात, बाहेरून डांबरासारखं काळं, कापलं की आत लाल कड. ओकच्या लाकडावर ११०-१२० डिग्रीला बारा-चौदा तास वगैरे. मागच्या वेळी फोनवर मी बोलून बसलो की ये दिवाळीनंतर, मी पण खाऊ घालतो. आता तिकीट काढलंय त्याने.

आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, गच्चीवर शेगडी नेली तर सेक्रेटरी निखारे पेटायच्या आत हजर होतील. म्हणून स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं. तोही त्यानेच दिलेला, तिकडचा, स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. आईची अट आहे की मोठ्याचं तिच्या एकाही भांड्याला लागता कामा नये, त्यामुळे कुकर, सुरी, पाट सगळं बाल्कनीतल्या टेबलावर मांडलंय.

कॅम्पातून सीना, म्हणजे तोच छातीचा तुकडा, आणला, दीड किलो. खाटीक भाईंनी सुरा उचलल्या उचलल्या विचारलं बोटी का खिमा, मी म्हटलं अख्खा तुकडा द्या, त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. आणि मग सवयीने माझ्याच तोंडून निघून गेलं, "साफ करून द्या". झालं. वरची चरबी सगळी गेली, तुकडा असा गुळगुळीत की हातातून सुटत होता.

रात्री मीठ, जाडसर मिरी, बेडगी, थोडा गूळ चोळून फ्रीजमध्ये. सकाळी कुकरमध्ये दोन कांदे, केचप, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, आणि तीन कप पाणी, कारण आयुष्यभर प्रेशर कुकर वापरलाय आणि पाणी न घालता काही शिजायला लावणं हातून होतच नाही. लो वर सात तास. मध्ये चार-पाच वेळा झाकण उघडून बघितलं, खरं सांगतो.

सात तासांनी थर्मामीटर खुपसला तर ८१. काढून कापलं तर करड्या रंगाचं, चपलेसारखं चिवट, तोंडात कोरडं, आणि भांड्यात खाली चार-पाच कप रस्सा! तीन कप घातलं होतं, बाकीचं आलं कुठून? रस्सा चवीला छान होता, बायकोने पावाबरोबर संपवला, पण ते बार्बेक्यू नव्हे.

आता मला कळत नाहीये की जास्त शिजलं म्हणून कोरडं झालं का कमी शिजलं म्हणून चिवट. पुढच्या वेळी वेळ कमी करू का वाढवू? काळी खरपूस कड आणि धुराचा वास घरात कसा आणायचा? महिनाभर आहे हातात.

पुणेरी_पाव: प्रेशर कुकर, आठ शिट्ट्या, विषय संपला.

धागाकर्ता: शिट्ट्यांनी मऊ होईल हो, पण उचलायला गेलं की चिंध्या. मला काप पाडायचेत, मेव्हण्यासमोर.

निखारा: कमीच शिजलंय, वेळ वाढवा. छातीचा स्नायू म्हणजे जनावराचं वजन पेलणारा, त्यात कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारं प्रथिन, भरपूर, आणि आपल्याकडे म्हैस बऱ्याचदा दुधाची वर्षं संपल्यावरच येते म्हणजे आणखी चिवट. साठ-पासष्टच्या आसपास मांसाचे धागे आवळतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात, तो तुमचा जास्तीचा रस्सा. कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला सत्तरच्या वर सुरुवात होते पण जोर धरतं ऐंशी-नव्वदला, आणि तिथे तासन् तास राहावं लागतं. तुम्ही बरोबर मधे काढलंत, पाणी निघून गेलेलं आणि जिलेटिन अजून झालेलं नाही, म्हणजे सगळ्यात वाईट वेळेला. ९२ ते ९५ पर्यंत जाऊ द्या, आणि आकड्यापेक्षा सुईवर विश्वास ठेवा, लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे.

पण सात तासांत ८१ च? माझा संशय ट्रान्सफॉर्मरवर आहे. तिकडचं व्होल्टेज १२०, आपले ट्रान्सफॉर्मर बहुतेक ११० देतात, तेही घरात पूर्ण २३० येत असेल तर. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडलं की उष्णता १९ टक्के पडते. त्यात झाकण उघडलं की दर वेळी वीसेक मिनिटं पाण्यात. आधी नुसतं पाणी अर्ध्याच्या वर भरून लो वर आठ तास ठेवा, झाकणाला हात न लावता, आणि शेवटी लगेच मोजा. ८५ ते ९३ यायला हवं. कमी आलं तर लो विसरा, हाय वरच करा. मांस फार वेळ कोमट राहणं तसंही धोक्याचं, साठच्या खाली तासन् तास नको. आणि गुरुवारी तर लावूच नका, दुरुस्तीला लाइट गेली की बसाल बघत.

पाणी अर्धा कप पुरे, कांद्याची गादी करून त्यावर तुकडा ठेवायचा. चरबी राहू द्या, फक्त पांढरा जाड पडदा काढायला सांगा.

वाटीभर_तूप: धुराचं माझ्याकडून. शिजल्यावर तुकडा पुसून कोरडा करा, डब्यात ठेवा, शेजारी स्टीलच्या वाटीत लाल निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, झाकण घट्ट. पाच-सात मिनिटं बस, जास्त ठेवलं तर कडवट होतं. बाल्कनीतच करा, बंद खोलीत कोळसा नको. मग रस्सा आटवून त्याचं जाड सॉस, ते चोपडून ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) २२० ला वरचा रॉड लावून दहा-बारा मिनिटं, गूळ असल्याने लक्ष ठेवा. काळी कड मिळेल, लाल कड नाही मिळणार, ती लाकडाच्या धुरातल्या वायूंनी येते आणि तिला चव काहीच नसते, मेव्हण्याला सांगा.

आणि कापताना धाग्यांच्या आडवं! शिजल्यावर दिशा दिसत नाही, म्हणून कच्चं असतानाच एका कोपऱ्याला खूण कापून ठेवा. नीट काप हवे असतील तर रश्शातच निववून रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी थंड कापायचं, मग धुरी, मग ओटीजी. चरबीही वर गोठून येते, चमच्याने काढता येते.

धागाकर्ता: पाण्याचा प्रयोग केला. आठ तासांनी ७९!! सात तासांत मांस ८१ ला कसं गेलं होतं देव जाणे, बहुतेक त्या दिवशी व्होल्टेज बरं होतं. निखारा, मानलं.

रविवारी हाय वर केलं, चरबीसकट, अर्धा कप पाणी. साडेसात तासांनी ९३, सुई आरामात गेली. एक बाजू अजून जरा कोरडीच आहे पण काप धरून उचलला तर वाकतो, तुटत नाही. धुरी दिली तेव्हा खालच्या काकूंनी हाक मारून विचारलं वांगं भाजताय का. हो म्हणालो. ओटीजीत दीड किलोचा तुकडा तिरका करून जेमतेम बसला, मेव्हण्यासाठी दोन तुकडे करावे लागतील, तर कुकरमध्ये एकावर एक ठेवले तर चालतील का, का वेळ बदलेल?