मदत हवी आहे : ‘ड्रॅगन बॉल झी काई’सोबत मूळ मालिकेतले कोणते भाग पाहावेत?

नमस्कार. लहानपणी कार्टून नेटवर्कवर मनापासून पाहिलेली ‘ड्रॅगन बॉल झी’ ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका मी सध्या दहा वर्षांच्या भाचीसोबत ‘काई’ या संक्षिप्त, चित्रे नव्याने उजळलेल्या स्वरूपात पुन्हा पाहत आहे. १९८९ साली मूळ मालिका सुरू झाली तेव्हा तिचा आधार असलेली अकिरा तोरियामा यांची मांगा (जपानी चित्रकथा) अजून चालूच होती आणि मालिका तिच्या पुढे जाऊ नये म्हणून बरेच भरीचे प्रसंग घालावे लागले होते. २००९ मध्ये आलेल्या ‘काई’ने ते गाळून सेल या खलनायकाच्या पराभवापर्यंतचे १९४ भाग ९८ भागांत बसवले. नामेक ग्रहावरची रेंगाळणारी लढाई त्यामुळे फार वेगवान झाली आहे, हे मान्यच करावे लागेल.

मात्र नायक गोकू आणि पिकोलो मोटार चालवायला शिकतात तो भागही गेला, याचे मला मनापासून वाईट वाटले. एकेकाळच्या या वैऱ्यांमधला स्नेह मला लहानपणी त्याच भागात जाणवला होता आणि भाचीनेही तो पाहावा अशी इच्छा आहे.

गाळलेल्यांपैकी असे आणखी कोणते भाग आवर्जून दाखवावेत आणि कथेचा ओघ न तुटता ते नेमके कुठे पाहावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे. शिवाय, ‘काई’चे सुरुवातीचे संगीत २०११ मध्ये काढून शुन्सुके किकुची यांचे जुने संगीत परत घेण्यात आले, पहिल्यांदाच पाहणाऱ्या मुलीसाठी यांपैकी कोणती आवृत्ती निवडावी?