मदत हवी आहे: निळ्या प्लेटवर नारंगी वलय, पण फ्लास्कमध्ये रंगच नाही

मंडळी, एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. प्रोजेक्टसाठी उसाच्या मुळांजवळच्या मातीतून फ्लुरोसंट सूडोमोनास (यूव्हीखाली चमकणारा जीवाणू) काढलाय. किंग्ज बी माध्यमावर यूव्हीखाली मस्त चमकतो. क्रोम अझुरॉल एसच्या निळ्या प्लेटवर ठिपका दिला की दोन दिवसांत भोवती नारंगी वलय येतं. म्हणजे सिडेरोफोर (जीवाणूने सोडलेला, लोह पकडणारा रेणू) सुटतंय आणि रंगाने धरलेलं लोह ओढून नेतंय.

घोडं अडलंय ते पुढे. सक्सिनेट माध्यमात तीनदा लावला. लिटरला ४ ग्रॅम सक्सिनिक आम्ल, पीएच ७, लोह मुद्दाम घातलेलं नाही. २८ अंशांना शेकरवर ४८ तास. वाढ जोरदार! पण पायोव्हर्डिनचा, म्हणजे त्याच्या सिडेरोफोरचा, पिवळा-हिरवा रंग नावालाही नाही. सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवाचं ४०० नॅनोमीटरला रीडिंग घेतलं, तर कोऱ्या माध्यमाइतकंच.

सर म्हणतात स्ट्रेन बदल. मला पटत नाहीये. सबमिशनला तीन आठवडे उरलेत.

प्रतिसाद:
स्ट्रेन टाकू नका. उत्तर तुमच्याच 'वाढ जोरदार'मध्ये आहे. लोहाची उपासमार झाली असती तर तो इतका फोफावला नसता. तुम्ही लोह घातलं नसेल, पण ते कुठून तरी शिरलंय. पेशीत फेरस लोह पुरेसं असलं की ते फर (Fur) नावाच्या नियंत्रक प्रथिनाला चिकटतं, फर डीएनएवर जाऊन बसतं आणि पायोव्हर्डिनची निर्मिती चालू करणारं पीव्हीडीएस (pvdS) जनुक गप्प होतं. मग पायोव्हर्डिन बनणार कसं? प्लेटवर लोह रंगाने आवळून धरलेलं असतं, म्हणून तिथे त्याला हिसकावून घ्यावं लागतं.

काचसामान ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवा (फ्यूम हूडमध्येच, बरं का), मग डबल डिस्टिल्डने खळखळून धुवा. माध्यमातलं फॉस्फेट एलआर ग्रेडचं (कमी शुद्ध, साध्या प्रयोगशाळेच्या दर्जाचं) असेल तर त्यातही लोहाचा अंश असतो. आणि इनॉक्युलम (सुरुवातीला घालायच्या पेशी) कशातून देता? न्यूट्रियंट ब्रॉथमधल्या पेशी लोहाचा साठा घेऊनच येतात. त्या धुवून आधी एकदा सक्सिनेटमध्येच वाढवा.

सर्वांत आधी मात्र एका फ्लास्कमध्ये १०० मायक्रोमोलर बायपायरिडिल घाला, दुसरा तसाच ठेवा. बायपायरिडिल लोह बांधून टाकतं. पहिला हिरवा झाला तर दोन्ही फ्लास्क सरांच्या टेबलावर ठेवा.

मूळ धागाकर्ती:
इनॉक्युलम ब्रॉथमधूनच, तेही पाच टक्के! फॉस्फेटची बाटली आत्ता पाहिली, एलआर. बायपायरिडिल आमच्याकडे नाही, केमिस्ट्रीवाल्यांकडे मागायला निघालेय.