एकाच तिकिटावरचा प्रवास आणि शेवटचा टप्पा

सर्व विमाने एकाच तिकिटावर असतील, तर दोन विमानांमध्ये दीड तासाचे अंतरही पुरते आणि पुढचे विमान चुकल्यास सोय विमान कंपनीच करते, असे म्हणतात आणि ते मला मान्य आहे. मात्र मालदीवला जाताना ही हमी मालेच्या वेलाना विमानतळावर संपते, कारण तिथून पुढे बेटावरच्या रिसॉर्टला नेणारे सी-प्लेन सहसा रिसॉर्टमार्फतच आरक्षित होते आणि विमान कंपनीच्या तिकिटाशी त्याचा काहीएक संबंध नसतो. शिवाय पाण्यावर उतरणारी ही विमाने वैमानिकाच्या नजरेच्या भरवशावर चालत असल्यामुळे केवळ दिवसाउजेडीच उडतात. दुपारी साधारण साडेतीननंतर मालेत उतरणाऱ्याला त्या दिवशी जागा मिळेलच असे नाही, आणि मग रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात स्वखर्चाने काढणे आले. रिसॉर्टमधल्या त्या रात्रीचे भाडे बहुधा बुडतेच.

त्यामुळे मधल्या विमानतळावर किती मिनिटे मिळतात, यापेक्षा मालेत किती वाजता पोहोचतो, हे आधी पाहावे. पोहोचल्यावरही इमिग्रेशन, सामानाचा पट्टा, रिसॉर्टच्या काउंटरवरची नोंद, बसने सी-प्लेनच्या टर्मिनलपर्यंतचा फेरा आणि तिथे बॅगांचे पुन्हा वजन (मर्यादा साधारण २० किलो, जादा वजनाचे पैसे वेगळे) एवढे सोपस्कार उरतातच. संध्याकाळीच पोहोचणे भाग असेल, तर स्पीडबोटीने गाठता येईल असे जवळचे बेट निवडावे. त्या बोटी अंधारातही सुटतात.