शब्दचर्चा : सरडा, घोयरा आणि 'पडीक' माळ

पाटोदा (जि. बीड)
आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे. वैशाखाच्या उन्हात तिथं एक मातकट रंगाचा लहानसा प्राणी दगडावर चढून बसतो आणि गळ्याखालचा निळसर पंखा उघडतो, मिटतो. जवळ गेलं की पळत सुटतो, कधीकधी तर नुसत्या मागच्या दोन पायांवर. घरातली मोठी माणसं त्याला सरडा म्हणतात. शेजारचे काका म्हणायलेत, घोयरा तोच. पोरीला शाळेच्या प्रकल्पात मराठी नाव लिहायचं आहे. सरडा, घोयरा, पाल, सापसुरळी यांत नेमका फरक काय? आणि या पंखावाल्याला वेगळा शब्द आहे का?

उदगीर
घोयरा वेगळा हो दादा. तो झाडावरचा. हलत डुलत एकेक पाऊल टाकतो, पळणं त्याच्या अंगातच नाही. शेपटी फांदीला गुंडाळतो. एक डोळा पुढं तर दुसरा मागं फिरवतो आणि अंगापेक्षा लांब जीभ फेकून किडा उचलतो. भारतात घोयऱ्याची ही एकच जात आहे. आमच्याकडं लोक त्याला विषारी समजून दगड घालतात. त्याच्यात विष नाही, कृपा करून सगळ्यांना सांगा.

परभणी
उदगीरकरांचं बरोबर आहे. बाकीच्या शब्दांचं सांगते.

पाल आणि सरडा यांतला फरक पोरीला डोळ्यांवरून दाखवता येईल. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेनं डोळा पुसते. सरडा डोळे मिटतो. सापसुरळी गुळगुळीत, चकचकीत खवल्यांची, पाय आखूड, त्यामुळं घाईत साप वाटते. घोरपडही याच मोठ्या गोतावळ्यातली. इतकंच काय, सापसुद्धा. पाय गेलेल्या सरड्यांच्या एका शाखेतून साप आले, म्हणून शास्त्रात सरडे आणि साप एकाच गटात बसतात. मगर दिसायला पालीची थोरली बहीण वाटते, पण तिचं जवळचं नातं पक्ष्यांशी आहे.

आता तुमच्या पंखावाल्याबद्दल. 'सरडा' हा शब्द संस्कृत 'सरट'वरून आला आणि आपण तो बांधावरच्या, कुंपणावरच्या, माळावरच्या सगळ्यांना सरसकट लावतो. गंमत अशी की हाच शब्द आता जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आहे. 2016 साली वी. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पंखावाल्या सरड्यांच्या जनुकांचा आणि शरीररचनेचा अभ्यास मांडला. तोवर हे सगळे 'सिताना' या एकाच वंशात (genus) टाकलेले होते. अभ्यासात त्यांच्या दोन जुन्या, वेगळ्या शाखा निघाल्या. दुसऱ्या शाखेला नवं वंशनाव हवं होतं, ते त्यांनी आपल्या मराठीतल्या 'सरडा'वरून घेतलं : सारडा (Sarada). त्यातल्या एका जातीचं नाव सारडा डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनचा सरडा. मला याचा फार अभिमान वाटतो. एरवी ही नावं ग्रीक-लॅटिनमधून घडतात.

यांचे पायही बघण्यासारखे आहेत. मागच्या पायाला चारच बोटं. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या जंगलात यांचे भाऊबंद राहतात, त्यांना पाच आहेत. जंगल सोडून उघड्या रानात आलेल्या, पळण्यावर जगणाऱ्या शाखेचं पाचवं बोट गेलं.

अंबाजोगाई
ताई, मग 'सरड्यासारखे रंग बदलणे' हा वाक्प्रचार कोणत्या सरड्यावरून आला म्हणायचा?

परभणी
कुंपणावरच्या नेहमीच्या सरड्यावरून. त्याच्या नराचं डोकं आणि गळा विणीच्या काळात लालभडक होतो. पण वाक्प्रचारात जो लबाडीचा अर्थ आहे, तो त्याच्यावर अन्याय आहे. तो रंग लपायला नसतोच, उलट दिसायला असतो. मादीला 'मी इथं आहे' आणि दुसऱ्या नराला 'इथं येऊ नको' हे सांगायला. ऊन-गारव्याप्रमाणंही अंग फिकं-गडद होतं. घोयऱ्याचंही बरंचसं असंच. पंखावाल्याची तऱ्हा आणखी निराळी. त्याचा भडक रंग गळ्याच्या कातडीत घडी घालून ठेवलेला असतो. शिकरा डोक्यावर असेल तर घडी मिटलेली बरी.

किनवट
'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण ज्यानं केली त्यानं माळावरचा सरडा पाहिला नसणार. त्याला कुंपणच नाही!

भूम (जि. धाराशिव)
शब्दांचीच चर्चा आहे तर मला एका शब्दावर बोलायचं आहे. तो म्हणजे 'पडीक'.

शेतकरी जेव्हा 'यंदा वावर पड ठेवलं' म्हणतो तेव्हा त्याला जमिनीला विसावा द्यायचा असतो. तिथं तो शब्द अगदी चोख आहे. पण माळाला पडीक म्हणणं वेगळं. माळ कुणी पाडून ठेवलेला नाही. कमी पावसाच्या या पठारावर गवत, खुरटी बोर, हेकळ, तरवड आणि मधेमधे उघडा मुरूम हीच तिथली मूळ रीत आहे. माळढोकाच्या नावातच माळ आहे, यावरून आपल्या पूर्वजांना ही जागा किती नीट ठाऊक होती ते कळतं. मात्र कागदावर आलं की हीच जमीन नापीक, पडीक, सातबाऱ्यावर पोटखराबा. देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशासंग्रहातसुद्धा झुडपी माळरानं पडीक म्हणूनच मोजली जातात.

शब्द असा लागला की पुढचं आपोआप होतं. पडीक आहे ना, मग चर खोदा, खड्डे घेऊन रोपं लावा, मुरूम उचला, सौर पट्ट्या टाका. झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मी मनापासून मानतो. आमच्या गावानंही गायरानात रोपं लावली, मी स्वतः टँकरचं पाणी घातलं. पण पंखावाल्या सरड्याला उघडी जमीन लागते. दगडावरून त्याचा पंखा लांबवर दिसला पाहिजे. दाट सावलीत त्याला ना मादी सापडणार, ना ऊन. चांगल्या हेतूनं लावलेलं झाडही चुकीच्या जागी त्याचं घर मोडतं.

पवनचक्क्यांचा एक अभ्यास इथं सांगण्यासारखा आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांखाली आणि पवनचक्क्या नसलेल्या भागात तुलना केली, ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी होते. म्हणून तिथं सारडा सुपर्बा या पंखावाल्या सरड्यांची दाटी वाढली होती आणि ते माणसाला कमी बुजत होते. ऐकून बरं वाटतं, पण तिथल्या सरड्यांचं अंग हलकं भरलं आणि नरांच्या पंख्याचे रंग फिके निघाले. शिकारी पक्षी हटले तर फरक थेट सरड्याच्या गळ्यापर्यंत पोचतो. आमच्या जिल्ह्यातही माळांवर चक्क्या आहेत, म्हणून हे वाचल्यापासून मी त्यांच्याखाली खाली बघत चालतो.

किनवट
भाऊ, बेडकांचंही तेच. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर माळावरच्या डबक्यात एका रात्रीत बेडकांचा कालवा सुरू होतो. लोक म्हणतात, आभाळातून पडले. ते पडत नाहीत, खालून येतात. मागच्या टाचेजवळ कडक उंचवटा असतो, त्यानं मागं सरकत माती उकरून ते कोरडे महिने जमिनीत काढतात. डबकं आटायच्या आत अंडी, बेडूकमासे, पिल्लं सगळं उरकायचं असतं. डबकं बुजवून सपाट केलं की ती पिढी गेली. 'उभयचर' शब्दात पाणी आणि जमीन दोन्ही आहेत, त्यातलं एक काढून कसं चालेल?

पाटोदा (जि. बीड)
सगळ्यांचे आभार. माळाच्या नोंदीबद्दल ग्रामपंचायतीत विचारतो. पण पोरीचा प्रश्न राहिला, नाव काय लिहू?

परभणी
दादा, रूढ असा एकच मराठी शब्द नाही, त्यामुळं आपणच नीट शब्द वापरायला लागू. मी मुलांना 'गळपंख्या सरडा' असं सांगते. उच्चारायला सोपा, आणि ऐकताच काय बघायचं ते कळतं. घोयरा मात्र लिहू नका. शास्त्रीय नावासाठी नराचा पंखा पूर्ण उघडलेला असताना बाजूनं फोटो घ्या. पंखा किती लांब, पोटावर कुठपर्यंत जातो आणि त्यावर कोणते रंग, यावरून सिताना की सारडा ते ठरवायला मदत होते. पकडू नका, दगड उलटू नका. मादीला असा पंखा नसतो, म्हणून नुसता मातकट सरडा दिसला तरी पोरीला तोही टिपायला सांगा. आणि ठिकाण लिहिताना 'पडीक जमीन' न लिहिता 'मुरमाड माळ' लिहायला लावा.